जेवणघरातलं वाचन

जेवणाच्या घंटेला दोन मिनिटं असताना मदरांनी धाकट्या सिस्टरच्या हातातल्या पुस्तिकेचं शेवटचं पान टरकन फाडून घेतलं.

“हे वाचायचं नाही. हे कार्यालयाचं आहे.”

पुस्तिका बिशपांकडून आली होती. मठाच्या छपराखाली मुलांना आणि दुबळ्या माणसांना कुणाकडून त्रास होऊ नये म्हणून काय करायचं, याचे नियम. प्रत्येक मठाने ती जेवताना सगळ्यांसमोर वाचायची आणि सगळ्यांच्या सह्या घेऊन पोचपावती परत पाठवायची. या आठवड्यात वाचायची जबाबदारी धाकटीवर होती.

“पण मदर, त्या पानावर फोन नंबर आहे. कुणाला काही सांगायचं असलं तर...”

“सांगायचं असलं तर मी आहे ना? का मेले मी?”

“मी मंगळवारी तुम्हालाच सांगितलं. मास्तरीणबाईंच्या हाताचं.”

मास्तरीणबाई म्हणजे वरच्या मजल्यावर अंथरुणाला खिळलेली ब्याऐंशी वर्षांची सिस्टर. मठातल्या निम्म्या जणी तिच्या हाताखाली शिकलेल्या. आता तिला स्वतःचं नावही आठवत नव्हतं.

“आणि मी तुला सांगितलं. म्हातारपणी कातडी कागदासारखी होते. बोट लावलं तरी वळ उठतो.”

“चार बोटं होती, मदर. आणि अंगठा.”

मदरांनी पानाची घडी घालून झग्याच्या खिशात सरकवली. “घरातलं एकदा दाराबाहेर गेलं की गावभर होतं. मग वरच्या सात म्हाताऱ्यांचं कोण करणार? तू? जा, सूप निवतंय.”

जेवताना मठात कुणी बोलत नसे. वाचणारीचा आवाज आणि चमच्यांचा आवाज, बस. म्हणून जे काय बोलायचं ते घंटेच्या आधी. “एवढी जाडी?” स्वयंपाकघर सांभाळणारी सिस्टर पुस्तिकेकडे पाहून शेजारणीला कुजबुजली. “फादरांचं प्रवचन परवडलं. त्यात निदान डोळा तरी लागतो.” घंटा झाली. दोघींनी हसू गिळून माना खाली घातल्या.

धाकटी भिंतीजवळच्या उंच बाकावर चढली आणि वाचू लागली. मुलाबरोबर दार बंद करून एकटं बसू नये. अंघोळ, औषध, जेवण यांना शिक्षा म्हणून उशीर करू नये. कितीही राग आला तरी अंगावर हात टाकू नये.

तिच्या बरोबर समोर आजाऱ्यांची सिस्टर बसली होती. वरच्या सातही जणींना उठवणं, धुणंपुसणं, भरवणं, कुशीवर वळवणं सहा वर्षं तिच्या एकटीच्या अंगावर होतं. आडव्या बांध्याची, कमी बोलणारी बाई. तिची चाहूल लागली की मठातलं मांजरसुद्धा वाट सोडायचं. धाकटीने तिच्याकडे पाहायचं टाळलं, तरी तिचे हात दिसत होतेच. ती सुरीने पाव कापत होती. कापलेल्या तुकड्याचे पुन्हा तुकडे, त्यांचे पुन्हा. खात मात्र नव्हती.

हातातलं शेवटचं पान संपलं. मदरांनी मान हलवली. आता “प्रभो, आमच्यावर दया कर” एवढं म्हणायचं आणि खाली उतरायचं. आज्ञापालनाची शपथ घेऊन धाकटीला जेमतेम आठ महिने झाले होते.

सकाळी ती मास्तरीणबाईंची उशी सारखी करायला गेली होती. उशीकडे हात नेताच म्हातारीने कोपर चेहऱ्यावर घेतलं होतं.

धाकटीने पुस्तिका मिटली.

“शेवटचं पान,” ती म्हणाली. “ज्या कुणाला स्वतःबद्दल किंवा दुसऱ्याबद्दल काही सांगायचं असेल, तिने मठात कुणाचीही परवानगी न घेता पुढील नंबरवर फोन करावा. फोन घेणाऱ्या बाई वकील आहेत. त्या कोणत्याही मठाच्या नाहीत.”

मग तिने नंबर सांगितला. एकही आकडा अडखळला नाही. ऐकणाऱ्यांच्या घशात घास अडकू नये म्हणून वाचणारीने सकाळी सगळा मजकूर तीनदा मोठ्याने वाचून काढायचा, ही शिस्त मदरांनीच घालून दिलेली होती.

मदरांचा चमचा बशीवर टेकला. “सिस्टर, खाली उतर.”

मग एक खुर्ची मागे सरकली. आजाऱ्यांची सिस्टर उभी राहिली. तिने ॲप्रनच्या खिशातून औषधांच्या वेळा लिहिलेला कागद काढला, उलटा केला आणि कानामागची पेन्सिल हातात घेतली.

“पुन्हा सांग, पोरी. हळू. मधले आकडे सुटले माझे.”

“तुला काय करायचाय तो?” मदरांचा आवाज एकदम मऊ झाला. “बस बघू खाली. इथे तुझं नाव कुणी घेतलंय का?”

“नाही ना,” ती म्हणाली. “म्हणून मीच घेते.”

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंगाशी बांधलेली घंटी ओढली. घंटी थांबून थांबून वाजू लागली. सवयीने सगळ्यांच्या माना आजाऱ्यांच्या सिस्टरकडे वळल्या.

ती जागची हलली नाही.

“दुसरं कुणी जा,” ती म्हणाली. “मला आता वर पाठवू नका.”