मुका मार

“घरात आणखी कुणाला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास?” डॉक्टरांनी विचारलं.

“छे, कुणालाच नाही,” आई म्हणाली.

शेजारी उभ्या थोरल्या मुलाने मान खाली घातली.

काचेपलीकडे धाकटी ऑक्सिजन लावून पडली होती. वय सव्वीस. सकाळी शिवणयंत्रावरून उठली आणि धाप लागून कोसळलीच. पायातली गुठळी सुटून फुप्फुसात गेली होती. हृदयावर ताण आला होता.

“वेळेत आणलंत, वाचेल ती,” डॉक्टर म्हणाले. “पण एवढ्या कमी वयात म्हणजे दोष आनुवंशिक असावा. तुम्हा दोघांचंही रक्त तपासू.”

ते गेले. मायलेक बाकावर बसून राहिले.

चार वर्षांपूर्वी थोरल्याची पोटरी अशाच गुठळीने सुजली होती. तपासणीत रक्तातला दोष सापडला. ‘बहिणीला घेऊन या,’ असं तेव्हाच्या डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. पण त्याचं लग्न दहा दिवसांवर आलं होतं. मुलीकडच्यांना कळलं तर? त्याने घरी सांगितलं, छापखान्यात कागदाचा गठ्ठा पायावर पडला, मुका मार आहे. गोळ्या तो छापखान्यातच ठेवायचा. लग्न झालं की सांगू, असं मनाशी म्हणाला. मग मुलगा झाला की सांगू.

मागच्याच आठवड्यात धाकटी म्हणाली होती, “दादा, पोटरी ठणकतेय रे.”

“दिवसभर मशीनवर बसतेस, आखडली असेल. शेक घे.”

बोलतानाच त्याला स्वतःची पोटरी आठवली होती. तरी तो जेवला होता, झोपला होता.

“आई,” तो म्हणाला, “मला ठाऊक होतं.”

आणि त्याने सगळं सांगून टाकलं. फरशीकडे बघत, एका दमात. “लग्न मोडेल म्हणून गप्प बसलो. नंतर सांगायला तोंडच उरलं नाही. हवं तर थोबाडीत मार. पण काहीतरी बोल.”

आईने हात उगारला नाही. ती पिशवीचा बंद पिळत राहिली. शेवटी थोरल्याने वर पाहिलं, तर तीच त्याची नजर चुकवत होती.

“तू सहा वर्षांचा होतास, ती पाळण्यात,” ती म्हणाली. “तुमचे बाबा अशाच गुठळीने गेले, त्याच दिवशी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं, दोन्ही मुलांचं रक्त तपासून घ्या.”