न लागलेला सिनेमा

"माझा सिनेमा ओळखणारा माणूस अख्ख्या बोरिवलीत जन्मला नाही," असं म्हणत अनिरुद्धने समोरच्या टीममधल्या आपल्या बायकोच्या, तेजलच्या कानात नाव सांगितलं.

मनोरीच्या कॉटेजवर बोरिवलीच्या मित्रमंडळींची जेवणं आटोपून न बोलता, हावभावांनी सिनेमा ओळखायला लावायचा खेळ रंगला होता. अनिरुद्ध मनातल्या मनात गुदगुल्या होऊन हसत होता, कारण त्या सिनेमात तो स्वतः गर्दीत उभा राहिला होता आणि सिनेमा कधी लागलाच नव्हता.

तेजलने छत्री केली, घोडा केला, रडून दाखवलं. टीमने तोंडाला येतील ती नावं घेतली.

"हरलो यार," शेवटी अल्पेश म्हणाला. "वहिनी, सांगून टाका."

तेजलचे ओठ हलले. आवाज आला नाही.

"बास गं, ओव्हरअ‍ॅक्टिंग," अनिरुद्ध म्हणाला.

तिने गळा धरला. मग पुन्हा छत्री केली, पुन्हा घोडा, घाईघाईने. रडणं या वेळी खरं होतं.

निशाने तिच्यापुढे मोबाइल धरला. "लिही ना गं." तेजलची बोटं स्क्रीनपर्यंत गेली आणि लगाम धरल्यासारखी मिटली.

आता कोणी हसत नव्हतं.

"अन्या, तूच सांग नाव," अल्पेश हळूच म्हणाला. "नाव कळलं की सुटेल ती."

त्यात काय, असं म्हणायला अनिरुद्धने तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. त्याचा उजवा हात आपोआप वर गेला आणि तीन बोटं उभी राहिली.

"तीन शब्द," अल्पेश सवयीने म्हणाला.