सोळापर्यंत

"पप्पा, मम्मीचं एक गाणं आज संध्याकाळच्या आत काढून टाकावं लागेल," सृष्टी म्हणाली.

ज्ञानेश शेडखाली बसून कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होता. पाचला टेम्पो यायचा होता आणि अजून अर्धा ढीग तसाच पडला होता.

"कोण म्हणतं?"

"ज्यांची गाणी आहेत ते. मम्मीच्या फोनवर मेल आलाय." तिनं मीनाचा फोन त्याच्यापुढं धरला. "नाही काढलं तर चॅनलच बंद करणार. एकतीसच्या एकतीस गाणी जातील."

चॅनलचं नाव 'मीना मिक्स, मखमलाबाद'. एका गाण्यातला रॅपवाल्याचा आवाज घ्यायचा, दुसऱ्या गाण्यातली रॉकवाल्यांची गिटार घ्यायची आणि दोन्ही अशी बसवायची, की ऐकणाऱ्याला वाटावं ही माणसं एकाच खोलीत गायला बसलीत. मीना हे सगळं फोनवरच करायची. ओट्याला टेकून, एका कानात इअरफोन घालून. ज्ञानेशनं त्यातलं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं. तिला जाऊन चार महिने झाले, तरी ऐकलं नव्हतं.

"कोणतं काढायचं?"

"शेवटचं."

त्याच्या हातातली जुडी तशीच राहिली. "दुसरं कोणतंही काढतो म्हणावं."

"असं नसतं पप्पा. त्यांनी नेमकं याच्यावरच बोट ठेवलंय."

"मग त्यातलं त्यांचं त्यांना देऊन टाक. मीनाचं आहे तेवढं ठेव."

सृष्टी त्याच्यासमोर एका पालथ्या पाटीवर बसली. "रॅप एकाचा, गिटार दुसऱ्याची. मम्मीनं नुसतं जुळवलं."

"म्हंजे तिचं त्यात काहीच नाय?"

ज्ञानेशनं जुडी बांधली, ढिगावर टाकली आणि पुढची घेतली. ती नीट बांधली गेली नाही. सोडून परत बांधली.

"थांबा, बघते," ती म्हणाली.

मीना ज्या अ‍ॅपवर गाणी जुळवायची, ते तिनं उघडलं. शेवटचं गाणं तिथं जसंच्या तसं मांडलेलं होतं. वर निळी पट्टी, तो रॅप. तिच्याखाली लाल, ती गिटार. आणि सगळ्यात खाली आणखी एक, बारीकशी.

"ही कसली?" ज्ञानेशनं विचारलं.

"माहीत नाही." तिनं वरच्या दोन पट्ट्यांचा आवाज बंद केला आणि खालची लावली.

टक, टक, टकटक. ओट्यावर पळी वाजत होती. सोबत मीना हळू आवाजात ठेके मोजत होती. "चार, पाच, सहा..." मध्येच एक खुर्ची सरकली आणि ज्ञानेशचाच आवाज आला, बाहेरच्या खोलीतून. "अगं मीने, मला भाकरी मिळणार हाय का आज, का त्या बोंबलणाऱ्यांनाच जेवू घालती?"

"वाढते हो. सोळापर्यंत मोजू द्या की."

पळी थांबली नव्हती. "नऊ, दहा, अकरा..." सोळा झाले तशी ती थांबली. मग ताट ठेवल्याचा आवाज.

ज्ञानेशनं हाताला चिकटलेली पानं लेंग्याला पुसली.

"गाण्यात हे ऐकू येतं?"

"पळी येते, ढोलासारखी. तुमचं ओरडणंही येतं, गिटारच्या खाली. मला इतके दिवस वाटायचं, त्या रॅपवाल्याचाच कोणी दोस्त मागून बोंबलतोय."

ज्ञानेशला हसू आलं. ते फार टिकलं नाही.

"काढून टाक त्यांचं," तो म्हणाला.

तिनं चॅनलवरून गाणं काढलं. खरंच काढायचं का, असं फोननं एकदा विचारलं. तिनं बापाकडं पाहिलं आणि 'हो'वर बोट ठेवलं. वर आकडा आला, तीस.

"ही खालची पट्टी आहे ना अजून?"

"आहे. हीच टाकू का त्या जागी? याच्यावर कोणी हक्क सांगणार नाही."

"टाक."

गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजला. ज्ञानेश उठला आणि बांधलेल्या जुड्या पाटीत भरू लागला.

"पप्पा, मधलं तुमचं ओरडणं तेवढं कापते," सृष्टी म्हणाली. "दोन मिनिटांचं काम आहे."

"राहू दे," ज्ञानेश पाटी उचलत म्हणाला. "तिलाही ते दोन मिनिटांचंच काम होतं, तरी ठेवलं तिनं."