खांद्यावरची मान

डॉक्टर वर्षाराणींनी थर्मामीटर उन्हाकडे धरला. एकशे चार. घोडी मान उंच ठेवून उभी होती, कारण तिची हनुवटी गुलाबसिंगच्या खांद्यावर होती. तिच्या नाकातला पिवळा शेंबूड त्याच्या सदऱ्यावर ओघळत होता. तो पुसत नव्हता.

तांडा रिकामा होता. दिवाळी झाली की म्हातारे सोडून सगळे ऊसतोडीला जातात. मुलगा धनराज गेला, सून गेली, नातवंडंही गेली. दारादाराला कुलपं. बायको रामीबाई होती तोवर हे दिवस कसेतरी निघायचे. ती वारल्यावर यंदा पहिल्यांदाच गुलाबसिंग घरात एकटा उरला, आणि सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून ही घोडी घेऊन आला.

"नवरी आनल्यावानी आनली, अन् येता येता बिमार पाडली," शेजारच्या ओट्यावरून म्हातारी गोजराबाई ओरडली.

डॉक्टरांनी घोडीच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"बाबा, गाडीत हिची मान उंच बांधली होती का?"

"बांधली नाही, मॅडम. मी मांगं तिच्यासंगच उभा व्हतो. तिले भेव वाटू नये म्हून अशीच खांद्यावर धरली. बारा घंटे. एकडाव बी सोडली नाही."

डॉक्टरांनी नळी गळ्यात अडकवली.

"घोडं मान खाली घालतं तेव्हाच छातीतली घाण बाहेर पडते. तुम्ही वर धरली म्हणून ती आत साचली. तोच हा ताप. आता सोडा तिला."

"बिमार जनावर मान खाली सोडते तवाच मरते, मॅडम."

"नाही सोडली तर मरेल."

गुलाबसिंग बाजूला झाला. घोडीची मान खाली गेली, पार जमिनीपर्यंत. त्यानं डोळे मिटून घेतले. मग खोकला ऐकू आला. आणखी एक. घट्ट बेडका मातीत पडला.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. "चारा, पाणी सगळं खालीच ठेवा. मान खाली राहिली तर वाचेल," म्हणाल्या आणि गाडीवर बसून निघून गेल्या.

गोजराबाई आत गेली. गुलाबसिंगचा खांदा रिकामा झाला होता. त्याचा हात घोडीच्या जबड्याखाली गेला, थांबला, मागे आला. त्यानं चाऱ्याचं घमेलं जमिनीवर ठेवलं. मग जिथं तिचं तोंड होतं तिथं, मातीत, तिच्यासमोर तो आडवा झाला.