मुठीत मावणारा फोन

लिफ्टला हिसका बसला, दिवा मिणमिणला आणि ती दोन मजल्यांच्या मध्येच थांबली.

"गुडघ्यात अडकली बघ. माझ्यासारखीच," चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले. त्यांच्या एका हातात भाजीची पिशवी होती, दुसऱ्या हातात बटणांचा जुना फोन.

सोबत अडकलेल्या तिला हसू आलं नाही. तिच्या हातात कुरिअरचं पाकीट होतं आणि घराची किल्ली. फोन नव्हता. फोन वर होता, सहाव्या मजल्यावर, बाहेरून कुलूप लावलेल्या घरात. आणि त्याच्यासमोर तिची तीन वर्षांची खारू बसली होती.

दोन मिनिटांचं तर काम. कुरिअरवाला वर यायला तयार नव्हता आणि खारू चपला घालायला तयार नव्हती. शेवटी तिनं फोनवर गाणं लावलं, फोन बिस्किटांच्या डब्याला टेकवून बैठ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "लांबूनच बघायचं हं. आलेच मी."

काकांनी वॉचमनला फोन लावला. लिफ्ट हातानं फिरवून खाली आणावी लागेल, गच्चीवरच्या मशीनच्या खोलीची चावी शोधतो, असं तो म्हणाला.

"हा चावी शोधणार म्हणजे आपला मुक्काम इथंच," काका पुटपुटले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "काय गं, काय झालं?"

"काका, पोरगी एकटी आहे घरात."

आणि तेवढ्यात तिला बाल्कनी आठवली. सकाळी कपडे वाळत घालायला तिनं स्टूल कठड्यापाशी ओढून नेलं होतं. ते परत आत आणलं का? बाल्कनीचं दार लावलं का? कपडे डोळ्यांसमोर येत होते, चिमटे येत होते, ओला फ्रॉक झटकणारा स्वतःचा हातही येत होता. दाराची कडी काही केल्या येईना.

काकांनी फोन तिच्यापुढे धरला. तिनं स्वतःचाच नंबर दाबला, चुकला, पुन्हा दाबला. रिंग गेली. वाजत राहिली. थांबली.

पुन्हा लावला.

तिचा फोन अगदीच लहान होता. नवरा त्याला काडेपेटी म्हणायचा. पण तिनंच हट्टानं घेतला होता. एक हात पोरीत अडकलेला असायचा. उरलेल्या हाताच्या मुठीत सगळं मावायला हवं होतं: ऑफिसची ईमेल, फोन, दुपारच्या जेवणाची गाणी. मुठीत मावणारी वस्तू खारूच्या हातातही मावते, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मागच्या आठवड्यात खारूनं साहेबांना ईमेल पाठवून दिली. शब्द एकही नाही, नुसते स्वतःच्या नाकाचे फोटो. साहेब हसले. तिला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग ती तोंडाला येईल ते पोरीला बोलली, पुन्हा हात लावलास तर आई निघून जाईल इथपर्यंत. रात्री तिलाच कुशीत घेऊन झोपताना बोललेलं विसरूनही गेली.

रिंग. रिंग. थांबली.

"तिला फोन घेता येतो का पण?" काकांनी विचारलं.

"येतो हो. नीट बोलायला लागली नव्हती तेव्हापासून येतो. वाजला की माझ्याआधी धावते."

"मग उचलत का नाही?"

तिनं पुन्हा नंबर दाबला. काकांना आपण विचारलं ते बरं नाही केलं असं वाटलं असावं. ते पिशवीतली कोथिंबीर उगाच सारखी करू लागले.

बाहेर, खाली, काहीतरी धप्पकन पडलं.

"गोणी असेल," काका म्हणाले. पण तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिनं दोन्ही हातांनी दार बडवलं. खारूला हाका मारल्या. हाका त्या अंधाऱ्या पोकळीत घुमून तिच्याच अंगावर परत आल्या. मनातल्या मनात तिनं देवाला नोकरी देऊन टाकली, झोप देऊन टाकली, उरलेलं आयुष्य देऊन टाकलं. अंगठा तेवढा बटण दाबत राहिला. रिंग. रिंग. रिंग.

लिफ्ट हलली. इंच इंच खाली सरकत तिसऱ्या मजल्यावर आली. दार पुरतं उघडायच्या आत ती तिरकी होऊन बाहेर पडली आणि जिना चढू लागली. "सावकाश गं, पडशील!" काका मागून ओरडले. त्यांचा फोन अजून तिच्याच मुठीत होता आणि अजून रिंग देत होता.

किल्ली दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लागली.

बाल्कनीचं दार सताड उघडं होतं. स्टूल कठड्यापाशीच होतं. त्यावर कुणी नव्हतं. वर दोरीवर लाल फ्रॉक वाऱ्यानं फुगला होता.

ती बाल्कनीकडे धावली. आणि मग तिला बैठ्या टेबलामागे डोकं दिसलं.

खारू जिथं बसवली होती तिथंच बसली होती. समोर फोन थरथरत वाजत होता. तिचा चेहरा रडून सुजला होता, नाक गळत होतं, पण ते पुसायलाही तिनं हात काढले नव्हते. दोन्ही हात मांड्यांखाली गच्च दाबून ठेवले होते.

तिनं मान वर केली.

"आई, मी हात नाही लावला," ती हुंदके देत म्हणाली. "तरी तू का निघून गेलीस?"