दर महिन्याचा तोच प्रश्न

‘त्रासदायक अर्जदार, यापुढे अर्ज घेऊ नयेत.’ कागदावर शेरा लिहून तयार होता, फक्त साहेबांची सही बाकी होती. पण नियमाप्रमाणे अर्जदाराचं म्हणणं ऐकून घेणं भाग होतं.

अर्जदार म्हणजे शिवणकाम करणाऱ्या बाई. घाईत आल्यामुळे गळ्यातली मोजपट्टी तशीच राहिलेली. माहितीच्या अधिकारात त्यांचा दर महिन्याला एकच अर्ज यायचा : शाळेकडे जाणाऱ्या पादचारी पुलाच्या कठड्याचे बोल्ट घट्ट आहेत का?

“प्रश्न तोच, उत्तर तेच. ‘घट्ट आहेत.’ मग दर महिन्याला हे दळण कशाला?” साहेब म्हणाले.

“माझी नात रोज तो कठडा धरून जाते, साहेब. एकदा तो माझ्या हातात हलला होता. तुम्ही अर्ज बंद केलात, तर मी विचारू कुणाला?”

साहेबांनी पुलांच्या फिटरला मुद्दाम बोलावलं होतं. बाईंनी आपल्या नाकी नऊ आणलेत, एवढं त्यानं सांगितलं की काम फत्ते.

“आणलेत ना,” फिटर म्हणाला. “अर्ज आला की उन्हातान्हात पान्हा घेऊन जावं लागतं. आणि गेलं की एखाददुसरा बोल्ट सैल सापडतोच.”

“सैल? अरे, आपण तर ‘घट्ट आहेत’ असं कळवतो!”

“आवळून आल्यावर कळवतो, साहेब. उत्तर तेच राहावं म्हणून तर जातो. अर्ज नसला, तर मला तिकडे पाठवतंय कोण?”

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. “अगंबाई! मला वाटायचं, तुम्ही लोक बसल्या जागी खरडून देता. दर महिन्याला शिव्या घातल्या रे तुला मी. फार उपकार झाले बाबा.”

“उपकार तुमचे, मावशी. माझा पोरगाही त्याच पुलावरून जातो.”

या खोलीत कुणी कुणाचे आभार मानलेले साहेबांनी उभ्या नोकरीत ऐकले नव्हते. हातातल्या पेनचं काय करावं, त्यांना सुचेना.

“पुढचा अर्ज मात्र जरा लवकर द्या,” फिटर म्हणाला. “हल्ली लोक पुलावर मोटरसायकली घालतात. महिना फार होतो.”

“आत्ताच देते. कागद आहे का एखादा?”

साहेबांनी समोरचा शेरा लिहिलेला कागद उचलला, पालथा केला आणि पेनसकट बाईंपुढे सरकवला.