मागेतला विचारलंस का?

"पाय सरळ धर," सेनाबू म्हणाली आणि बुटाच्या टोकात फडक्याचा आणखी एक बोळा कोंबला. बूट रुफिस्क शहराच्या जुन्या बाजारातले, पायापेक्षा चांगलेच मोठे. सहा वर्षांच्या यासीननं पाय आपटून पाहिला.

"आई, आता बसतो!"

"न बसून सांगतो कोणाला. तो दुकानदार म्हणे, एवढ्या लहान मुलींना खेळायचे बूट येतच नाहीत. का? पोरींनी जन्मभर चपला फटफटवत फिरायचं?"

यासीननं शेजाऱ्यांच्या टीव्हीवर बायकांचा बास्केटबॉलचा सामना पाहिला होता. तेव्हापासून घरातला एकही कांदा जागेवर राहत नव्हता. अंगणाच्या टोकाला उभी राहून ती कांदे घमेल्यात फेकायची. सेनाबूनं चार दिवस ते पाहिलं आणि पाचव्या दिवशी स्वतः मैदानावर जाऊन पोरीचं नाव घालून आली. आज पहिला वर्ग.

तिचा नवरा उसेनू शेगडीपाशी चहा करत बसला होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "मागेतला विचारलंस का?"

मागेत म्हणजे सेनाबूची सवत. सेनाबूच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर ती या घरात आली. अंगणापलीकडच्या खोलीत राहायची. यासीन दोघींनाही आईच म्हणायची. हाक कोणाला आहे ते सुरावरून कळायचं.

"मागेतला का विचारू?" सेनाबूचा आवाज चढला. "पोरगी तापानं फणफणली तेव्हा मांडीवर घेऊन कोण बसलं होतं? मागेत? शाळेत रोज कोण सोडतं? मागेत?"

"तरी विचारावं."

"म्हणजे राबायचं मी आणि शब्द चालणार तिचा! मी काय या घरात पाणी भरायला आहे?"

उसेनूनं चहा एका पेल्यातून दुसऱ्यात ओतला. उंचावरून, फेस येईपर्यंत. भांडण पेटलं की तो हेच करायचा.

आवाज ऐकून मागेत बाहेर आली. अर्ध्या वेण्या घातलेल्या, अर्धे केस मोकळे, हातात आरसा.

"स्वारी कुठे निघाली?"

"मैदानावर."

"मुलीच्या जातीला चेंडू कशाला? गुडघे फोडून घेईल. उद्या लग्नाच्या वेळी ते गुडघे कोण बघेल?"

"गुडघे बघून बायको निवडणारा जावई मला नकोच."

मागेतनं खांदे उडवले. "रडत आली तर माझ्याकडे पाठवू नकोस."

"आजवर कधी पाठवलीय?"

यासीन एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिली. सेनाबूनं तिला चवळी भरलेला पाव दिला, वेण्या पुन्हा घट्ट ओढून बांधल्या आणि हाताला धरून बाहेर काढली.

वाटेत उजळणी झाली.

"कोणी ढकललं तर?"

"उठायचं."

"परत ढकललं तर?"

"तर मीपण..."

"उठायचं! ढकलायला मी आहे."

मैदानावर नुसते मुलगेच होते. कोच बिराननं यासीनकडे पाहिलं आणि मान हलवली. "बाई, आज एकही मुलगी नाही. ही घाबरेल. मुली जमल्या की कळवतो."

"कोणी पहिली आलीच नाही तर जमणार कशा?" सेनाबू कडाडली. "घरी एक ऐकून आले, आता तुमचं ऐकायचं? ती घाबरलीय का ते तिला विचारा. नाहीतर राहू द्या, चेंडू द्या तिच्या हातात!"

मुलगे हसायला लागले. बिराननं निमूटपणे चेंडू दिला.

धावताना मोठे बूट अडखळले आणि यासीन तोंडावर पडली. गुडघ्यातून रक्त आलं. तिनं वळून कुंपणाकडे पाहिलं. सेनाबूनं कुंपणाची जाळी घट्ट धरली, पण ती जागची हलली नाही. यासीन उठली. चेंडूमागे धावली. पुन्हा पडली, पुन्हा उठली. शेवटी शेवटी तिनं फेकलेला चेंडू बास्केटच्या कड्याला घासून गेला, तेव्हा मघाशी हसणाऱ्या मुलांपैकीच कोणीतरी शिट्टी मारली.

वर्ग सुटल्यावर यासीन नळाकडे पाणी प्यायला पळाली. बिरान कुंपणापाशी आला.

"शनिवारी आणा तिला. चुकवू नका. हात पाहिलेत का तिचे, केवढे लांब आहेत! बापाचे का?"

"बापाचे? त्याचे हात चहाच्या किटलीपलीकडे पोचत नाहीत."

बिराननं बुटक्या, गोलमटोल सेनाबूकडे पाहिलं आणि हसला. "मग तुमच्यावर गेली म्हणायची!"

सेनाबू पोरीच्या गुडघ्याचं रक्त पुसायला डोक्याच्या रुमालाचं टोक थुंकीनं ओलं करत होती. मघाचा सगळा राग पुन्हा उसळून वर आला.

"माझ्यावर कुठली जायला! हात माझ्या सवतीचे आहेत. नऊ महिने पोटात वागवून त्या बयेनं पोरीला तेवढंच काय ते दिलंय."